चाळिशीनंतर पोटरीचा स्नायू फाटला तर: पहिल्या तासापासून पुन्हा धावेपर्यंत

बॅडमिंटन खेळताना पुढे झेप घेतली, धावताना एकदम वेग वाढवला किंवा दोरीवरच्या उड्या मारताना पोटरीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मागून कुणी दगड मारला असं वाटून माणूस वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. साधारण चाळीस ते साठ या वयात ही दुखापत फार दिसते. पोटरीच्या आतल्या बाजूचा वरचा मोठा स्नायू खालच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीला) जिथे मिळतो, तिथे तो फाटतो.

पुढे काय होतं हेही जवळपास ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी चोळून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी ताणून बघायचं, मग दुखेनासं होईपर्यंत आराम, आणि दुखणं थांबलं त्याच आठवड्यात पुन्हा मैदानावर. महिन्याभरात तीच पोटरी त्याच जागी पुन्हा जाते. दुखणं थांबणं आणि स्नायू ताकदीने भरून येणं यांत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं. पंचविशीत हे अंतर थोडं असतं, त्यामुळे निभावून जातं. पन्नाशीत निभावत नाही.

म्हणून खालचा क्रम तारखांवर चालत नाही. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक तपासणी आहे. ती जमली तरच पुढे जायचं. अंदाज हवाच असेल तर असा: किरकोळ दुखापत दोन-तीन आठवडे, मध्यम सहा ते आठ आठवडे, मोठी असेल तर तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त.

आधी खात्री करा: हा पोटरीचाच स्नायू आहे का?

ही पायरी बरेच जण गाळतात आणि तीच सगळ्यात महागात पडते. पोटरीच्या दुखण्याआड तीन गंभीर गोष्टी लपलेल्या असू शकतात.

पहिली, टाचेच्या मागची जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, पूर्ण तुटणं. त्यातही 'फट्' असा आवाज आल्यासारखं वाटतं, पण दुखतं ते टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर. पालथं झोपा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर सैल सोडा आणि कुणालातरी पोटरीचा मधला भाग हाताने दाबायला सांगा. कंडरा शाबूत असेल तर दाबल्याबरोबर पाऊल आपोआप हलतं, बोटं नडगीपासून लांब जातात. चांगल्या पायावर आधी करून बघा, म्हणजे फरक कळेल. दुखऱ्या पायाचं पाऊल हललंच नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. पाऊल हललं तरी शंका वाटत असेल तर दाखवून घ्यावं, कारण घरच्या चाचणीला मर्यादा आहेत.

दुसरी, पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणं. 'अमुक क्षणी दुखायला लागलं' असं सांगता येत नाही, पोटरी सुजलेली, गरम, लालसर किंवा वेगळ्याच रंगाची दिसते. नुकताच लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं झालं असेल तर संशय आणखी वाढतो. डॉप्लर तपासणीने, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, उलगडा होतो. स्नायू फाटल्यानंतरच्या आठवड्यांतही गुठळी होऊ शकते, म्हणून सूज उतरून पुन्हा वाढली तर ती दुर्लक्षून चालणार नाही.

तिसरी दुर्मीळ आहे, पण तासांचा प्रश्न असतो. पोटरी दगडासारखी कडक झाली, दुखणं थांबण्याऐवजी वाढतच चाललं, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर आतला दाब वाढतोय. थेट रुग्णालयात जायचं.

सावध: पोटरी सुजलेली असताना दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जा.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, आणि गेल्या काही महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक घेतली होती का. या गटातल्या औषधांनी कंडरा कमजोर होऊन तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर.

टप्पा १: पहिले तीन दिवस, रक्तस्राव आणि सूज आवरणं

स्नायू फाटला म्हणजे आत रक्त साचतं. या तीन दिवसांचं काम एवढंच, की ते वाढू द्यायचं नाही.

१. खेळ तिथेच थांबवा. 'जरा चालून मोकळं करतो' असं म्हणत घेतलेली दोन फेऱ्यांची चाल छोट्या जखमेची मोठी करते.

२. क्रेप बँडेज घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत बांधा. खाली थोडं घट्ट, वर थोडं सैल. बोटं थंड पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. झोपताना काढून ठेवा.

३. बसताना-झोपताना पाय छातीपेक्षा उंच राहील अशा उशा लावा. खुर्चीवर बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवणं पुरेसं नाही, कारण पाय छातीच्या खालीच राहतो.

४. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फाने स्नायू लवकर भरत नाही, पण दुखणं कमी होतं आणि झोप लागते, आणि तेवढ्यासाठी तो शेकायला हरकत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर बर्फ टाळाच.

५. दर तासाला पाऊल हळूच वर-खाली करा, दहा-बारा वेळा, दुखणार नाही इतपतच. शिरांतलं रक्त हलतं राहतं.

६. दोन्ही बुटांत टाचेखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीचं हील पॅड घाला. टाच उंचावली की पोटरीवरचा ताण कमी होतो. एकाच बुटात घातलं तर चार दिवसांत कंबर बोलायला लागते, म्हणून दोन्हीत. घरात अनवाणी फिरू नका.

वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर मात्र नाही, आणि यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काहीतरी चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या वाट्याला असतं, आणि या गोळ्या तिथे घात करतात.

सावध: या तीन दिवसांत चोळणं, गरम शेक, गरम पाण्यात पाय बुडवणं, मद्य आणि फोम रोलर सगळं बंद. मालिशवाल्याने 'गाठ मोकळी करतो' म्हटलं तरी नाही म्हणा. ती गाठ म्हणजे बहुधा साचलेलं रक्त असतं. आणि खोल शिरेत गुठळी असेल तर चोळणं जिवावर बेतू शकतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी घोट्याजवळ काळंनिळं दिसलं तर घाबरू नका. वरचं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं. नवी दुखापत झालेली नसते.

तपासणी १: विश्रांतीत दुखत नाही, सूज वाढत नाही आणि बसल्या जागी पाऊल वर-खाली करताना दुखणं दहापैकी तीनच्या आत आहे. हे जमलं की टप्पा २.

दुखणं मोजायचं कसं

इथून पुढे सगळं या एका सवयीवर उभं आहे. एक वही ठेवा. व्यायाम करताना दुखणं शून्य ते दहा या मापात लिहा. तीनपर्यंत चालेल, चार झालं की थांबा. त्याहून महत्त्वाची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळची: अंथरुणातून उठल्यावर पहिल्या दहा पावलांत पोटरी कालच्यापेक्षा जास्त आखडली आहे का? आखडली असेल तर कालचा डोस जास्त झाला. आज विश्रांती, उद्या एक पायरी खाली.

व्यायाम करताना पोटरी बऱ्याचदा खोटं सांगते, कारण अंग तापलेलं असतं. सकाळी ती खरं बोलते. ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांनी मात्र दुखण्याच्या आकड्यावर विसंबू नये. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच पुढे जावं.

टप्पा २: नीट चालणं

लंगडत चालणं म्हणजे चालणं नव्हे. दुखरा पाय बाहेर वळवून, टाच टेकवून, पुढचा भाग न वापरता माणूस घरभर फिरतो आणि 'मला चालता येतं' असं समजतो. या चालीत पोटरी काम करतच नाही. दोन आठवड्यांनी पोटरी बारीक झालेली दिसते आणि गुडघा-कंबर दुखायला लागते.

काठी घ्या. लाज वाटायचं कारण नाही. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची, दुखऱ्या बाजूच्या नव्हे. पावलं छोटी टाका. पाऊल सरळ समोर, आधी टाच, मग तळवा, मग अंगठ्याने हलकेच ढकलायचं. ढकलताना दुखत असेल तर पाऊल आणखी छोटं करा, पण पाऊल बाहेर वळवू नका. सरळ पावलाने पाच मिनिटं चालणं हे वाकड्या पावलाने अर्धा तास चालण्यापेक्षा मोलाचं आहे.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरूनच.

याच टप्प्यात पहिला ताकदीचा व्यायाम सुरू होतो. जमिनीवर पाय पसरून बसा, पाऊल भिंतीला टेकवा आणि अंगठ्याखालच्या गादीने भिंत ढकला, पाऊल न हलवता. ३० सेकंद ढकलायचं, एक मिनिट थांबायचं, असं पाच वेळा. पहिल्या दिवशी निम्म्या जोराने, पुढे हळूहळू जोर वाढवत न्यायचा. एवढा साधा व्यायाम दुखणं कमी करतो आणि स्नायूला कामाची आठवण ठेवतो.

दुखऱ्या पायाला विश्रांती म्हणजे सगळ्या शरीराला विश्रांती नव्हे. हात, पाठ, पोट आणि चांगला पाय यांचे व्यायाम चालू ठेवा. एका पायाला ताकदीचा व्यायाम दिला की दुसऱ्या, वापरात नसलेल्या पायाची ताकदही काही प्रमाणात टिकते. स्थिर सायकलही चालते. सुरुवातीला पेडल टाचेखाली किंवा तळव्याच्या मध्यावर ठेवा, चवड्याखाली नको.

सावध: पोटरी ताणायची घाई या टप्प्यात सर्वांत जास्त नुकसान करते. आखडल्यासारखं वाटतं म्हणून भिंतीला हात लावून जोरात ताण दिला की नुकतं जुळायला लागलेलं पुन्हा उसवतं. रोजच्या नीट चालीने जेवढी लांबी मिळते तेवढी सध्या पुरे.

गाडी चालवण्याबद्दल: दुखरा पाय उजवा असेल तर ब्रेक जोरात आणि झटकन दाबता येतो का हे बंद गाडीत बघा. दुखण्याच्या भीतीने पाय क्षणभरही अडखळला तर गाडी चालवू नका.

तपासणी २: हील पॅड काढून, काठीशिवाय, अजिबात न लंगडता ३० मिनिटं भरभर चालता आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी कुरकुरली नाही.

टप्पा ३: ताकद, जी सगळे गाळतात

इथे दुखणं जवळपास संपलेलं असतं आणि म्हणूनच लोक इथून उडी मारून थेट धावायला लागतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्यायला हवा. धावताना प्रत्येक पावलाला पोटरीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. चालण्याने तेवढ्याची तयारी होत नाही.

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्या आतला चपटा स्नायू गुडघ्याच्या खालून. त्यामुळे गुडघा सरळ ठेवून टाच उचलली की वरच्यावर जास्त काम पडतं, गुडघा वाकवून उचलली की आतल्यावर. दोन्ही प्रकार करायचे. फक्त उभ्याने टाचा उचलणारे आतल्या स्नायूला अर्धवट सोडतात, आणि लांब अंतर धावताना त्याच्यावरच मोठा भार येतो.

क्रम असा:

१. खुर्चीवर बसून दोन्ही टाचा उचलणं. जमलं की मांडीवर वजन ठेवून.

२. भिंतीला बोटं टेकवून, उभ्याने दोन्ही टाचा उचलणं.

३. दोन्ही पायांनी वर, फक्त दुखऱ्या पायाने हळूहळू तीन सेकंदांत खाली.

४. फक्त दुखऱ्या पायाने वर आणि खाली.

५. तेच पायरीच्या कडेवर, टाच पायरीच्या पातळीखाली जाऊ देत. पूर्ण ताण इथे पहिल्यांदा येतो, म्हणून पहिल्या आठवड्यात थोडंच खाली.

६. हातात किंवा पाठीवर वजन घेऊन.

प्रत्येक पायरीवर ८ ते १५ वेळांचे तीन संच. एका पायरीवरचे १५ नीट जमले, सकाळची नोंद स्वच्छ आली, की पुढची पायरी. जड व्यायाम रोज नको. मध्ये एक दिवस सोडा. या वयात स्नायूला सावरायला तो दिवस लागतोच.

आता जरा बारकाईने बघा, कारण शरीर इथे हमखास फसवतं. आरसा बाजूला ठेवा किंवा मोबाइलवर मागून चित्रण करा. एका पायावर टाच उचलताना चार गोष्टी शोधा. गुडघा हळूच वाकतोय का? कंबर पुढे झोकून उसनी उंची घेतली जातेय का? भार अंगठ्यावरून सुटून करंगळीकडे सरकतोय का? आणि दहाव्या वेळेला टाच पहिल्या वेळेइतकीच वर जातेय का? उंची कमी झाली की आकडा तिथेच संपला. पुढचे पाच मोजायचे नाहीत.

जोडीला दोन गोष्टी. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. आणि प्रथिनं: व्यायामातून सावरणाऱ्या मध्यमवयीन माणसाला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम. एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तो पाळा.

तपासणी ३: भिंतीला फक्त बोटं, गुडघा सरळ, दर दोन सेकंदांना एकदा वर-खाली. आधी चांगला पाय मोजा, मग दुखरा. दुखऱ्याचा आकडा चांगल्याच्या निदान ९० टक्के हवा आणि २०च्या आसपास हवा. चांगलाच पाय बारावर थकत असेल, तर दोन्ही पायांना आणखी काही आठवडे काम द्या. असा कमजोर 'चांगला' पाय हे पुढच्या दुखापतीचं ठिकाण असतं. साठीच्या पुढे आकडा थोडा कमी आला तरी दोन्ही पाय बरोबरीचे असणं सोडू नका.

टप्पा ४: उड्या, मग धावणं

धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्याच. म्हणून आधी उड्या तपासायच्या. दोन्ही पायांवर जागच्या जागी २० लहान उड्या, दोन दिवसांनी दुखऱ्या पायावर १०, मग २०. आवाज ऐका. दुखऱ्या पायावर उतरताना धप्प आवाज येत असेल तर पोटरी भार झेलत नाहीये, टप्पा ३ मध्ये परत जा.

उड्या जमल्या की एक मिनिट अगदी सावकाश धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. सपाट जागेवर, दिवसाआड. सकाळच्या नोंदी स्वच्छ असतील तर पुढच्या खेपेला धावण्याचं मिनिट वाढवा, चालण्याचं कमी करा. सलग अर्धा तास सावकाश धावता येईपर्यंत वेग, चढ आणि वाळू यांना हात लावायचा नाही. आधी वेळ वाढवायचा, मग अंतर, सगळ्यात शेवटी वेग. नवे बूट घ्यायचा, चवड्यावर धावायची नवी पद्धत शिकायचा हा काळ नव्हे. पातळ टाचेचे बूट तर पोटरीवर जादा भार टाकतात.

सावध: धावताना पोटरी घट्ट होत चालली तर 'गरम झाली की सुटेल' म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, चालत परत या. दुसऱ्यांदा फाटण्याआधी बऱ्याचदा हीच सूचना मिळालेली असते.

तपासणी ४: ३० मिनिटं सलग सावकाश धावणं, आठवड्यात तीनदा, लागोपाठ दोन आठवडे, तक्रार नाही.

टप्पा ५: खेळात परत

बॅडमिंटन, टेनिस, फुटबॉलमध्ये पोटरी जाते ती थांबून एकदम सुटताना. तो प्रसंग सरावात आधी आणा. ठरलेल्या दिशेने छोट्या धावा, निम्म्या जोराने, मग पाऊण, मग पूर्ण. नंतर दिशा बदलणं. शेवटी समोरच्याच्या हालचालीवर झटकन प्रतिसाद. पहिला सामना अर्धा वेळच खेळा. दहा मिनिटं अंग तापवल्याशिवाय मैदानात उतरू नका. दमल्यावर 'शेवटचा एक गेम' नको.

पोटरी पुन्हा फाटण्याची दोन मोठी कारणं म्हणजे वय आणि त्याच पोटरीला आधी झालेली दुखापत. पहिलं बदलत नाही, दुसरं आता घडून गेलंय. म्हणून एका पायावर टाचा उचलण्याचा व्यायाम, सरळ आणि वाकलेल्या गुडघ्याने, वजनासह, आठवड्यातून दोनदा खेळ चालू असेपर्यंत ठेवायचा.

पुन्हा कळ आली तर

नुसतं आखडलं असेल तर दोन दिवस धावणं बंद, चालणं चालू, आणि तपासणी ३ पुन्हा द्या. आकडा घसरला असेल तर टप्पा ३ पासून. तीक्ष्ण कळ आली, चालताना लंगडायला झालं, तर ती नवी दुखापत धरा आणि टप्पा १ पासून सुरू करा, त्याआधीची खात्री करण्याची पायरी धरून. त्याच जागी दुसऱ्यांदा फाटलं, किंवा सहा आठवडे नीट क्रम पाळूनही एका पायावर टाच उचलता येत नाही, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून आत नेमकं काय आहे ते बघून घ्या आणि पुढचा कार्यक्रम फिजिओथेरपिस्टसोबत बसून ठरवा. जाताना वही सोबत न्या.